‘नाताळ’मधला त आणि ळ

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: डिसेंबरात शाळेत नाताळ या विषयावर सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे. ‘नाताळ’ हा शब्द ‘नाथ’ आणि ‘काळ’ मिळून झाला, म्हणजे नाथाच्या जन्माचा काळ, असं एक सहकारी म्हणतात. ते खरं का? लिहिताना नाताळचा की नाताळाचा? फलकावर ‘एक्समस’ लिहिलेलं चालेल का? आणि शब्दांवरून विचारता येतील असे आणखी काही प्रश्न सुचवाल का?

ताई, ‘नाथकाळ’ सोडून द्या. ‘नाथ’मधला थ कुठं गेला आणि ‘काळ’मधला क कुठं गळाला, याचं उत्तर त्या व्युत्पत्तीत नाही. नाताळ हा सरळ पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीजमध्ये या सणाला ‘नाताल’ म्हणतात आणि तो लॅटिन ‘नातालिस’वरून आला, अर्थ ‘जन्माचा, जन्मासंबंधी’. त्याच्या मुळाशी ‘नातुस’ म्हणजे ‘जन्मलेला’ हा शब्द आहे आणि जुन्या लॅटिनमध्ये त्याचं रूप ‘ग्नातुस’ होतं. हा ‘ग्नातुस’ म्हणजे संस्कृत ‘जात’चा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच आदिम धातूतून आले, तिकडं ग राहिला, इकडं ज झाला. म्हणजे ‘जन्माष्टमी’तला जन्म आणि ‘नाताळ’मधला ना हे फार लांबचे पण खरे नातेवाईक आहेत. नाथाशी नातं नाही, जन्माशी आहे.

शब्द पोर्तुगीजांकडून आला, इंग्रजांकडून नाही, याची साक्ष त्याची अक्षरंच देतात. पहिली साक्ष त ची. पोर्तुगीज लोक त आणि द हे वर्ण आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणतात. म्हणून त्यांच्याकडून आलेल्या शब्दांत आपण दंत्य अक्षरं ठेवली: फीत, पाद्री, परात, बादली. इंग्रजांचा उच्चार आपल्या कानाला ट-डच्या जवळचा लागतो, म्हणून टेबल, टायर, मोटार, डॉक्टर. नाताळ इंग्रजीतून आला असता तर त्यात ट बसला असता. अपवाद दोन्हीकडं आहेत. ‘बटाटा’ पोर्तुगीज असून त्यात ट आहे आणि ‘तिकीट’ इंग्रजी असून त्याच्या तोंडाशी त आहे. तेव्हा एका अक्षरावरून निकाल देऊ नये.

दुसरी साक्ष ळ ची, आणि ती जास्त गोड आहे. मराठीची जुनी सवय अशी की स्वरानंतर आलेला एकेरी ल ती ळ करून टाकते: फल-फळ, काल-काळ, कमल-कमळ, नल-नळ. शब्दाच्या सुरुवातीला मात्र ळ कधीच येत नाही. ‘नाताल’ शेवटी ल घेऊन आला आणि मराठीनं त्याला फळ-काळाच्या रांगेत बसवलं. त्याचा जोडीदार ‘इस्पितळ’. तिथंही शेवटचा ल ळ झाला. उलट इंग्रजी अमलात आलेले हॉटेल, पेन्सिल, सायकल यांचा ल तसाच राहिला. सायकळ कोणी म्हणत नाही. हा पक्का नियम नव्हे, कल आहे. ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजच, पण त्याच्या मधल्या ल ला मराठीनं हात लावला नाही.

आता वाट कोणती? पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडं आली आणि चिमाजी आप्पांनी ती १७३९ मध्ये जिंकेपर्यंत त्यांच्याकडंच राहिली. म्हणजे मराठी-कोकणी बोलणाऱ्या दोन मुलुखांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत होता. कोल्हापूरपासून फोंडा घाट किंवा आंबोली उतरलं की गोवा दूर नाही. पाव, पगार, चावी, काजू, घमेलं, तुरुंग हे सगळे त्याच घरचे शब्द, कोल्हापुरात रोज बोलले जाणारे. मिसळीबरोबरचा पावही तिकडचाच. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले (त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे). त्यांची भाषा इंग्रजी, पंथ प्रॉटेस्टंट. तरीही इथल्या ख्रिस्ती मंडळींच्या मराठीत सणाचं नाव नाताळच राहिलं. उपासना, पाळक, शुभवर्तमान असे शब्द प्रॉटेस्टंट मराठीनं आपले आपण घडवले किंवा निवडले, सणाचा शब्द मात्र कॅथलिक पोर्तुगीजांचा चालू ठेवला.

या शब्दाची भावंडं जगभर आहेत आणि प्रश्नमंजूषेसाठी तीच सर्वांत कामाची. फ्रेंच ‘नोएल’ त्याच लॅटिन शब्दातून झिजून आला. नातालिया आणि तिचं रशियन लाडकं रूप नताशा, ही नावंही त्यातलीच. टेनिसपटू राफेल नादालचं आडनाव म्हणजे कॅटलान भाषेतला नाताळ. वास्को द गामा भारताकडं येताना १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून गेला, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. गांधीजींनी १८९४ मध्ये ज्या ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ची स्थापना केली, तो नाताळ हाच. आज त्या प्रांताला क्वाझुलू-नाताळ म्हणतात. ब्राझीलमधलं नाताल शहर २५ डिसेंबर १५९९ रोजी वसवलं गेलं. तिथल्या किल्ल्याचं नाव बाळ येशूला भेटायला आलेल्या ‘तीन राजां’वरून रेइस मागोस आणि गोव्यात मांडवीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याचंही तेच.

स्पॅनिशमध्ये सणाला ‘नाविदाद’ म्हणतात, मूळ तेच, जन्म. कोलंबसचं ‘सांता मारिया’ हे जहाज १४९२ च्या नाताळच्याच दिवशी आजच्या हैतीच्या किनाऱ्याशी रुतलं. त्याच्या लाकडांतून जे ठाणं उभं केलं, त्याला नाव दिलं ‘ला नाविदाद’. आणि प्रशांत महासागरातलं एक बेट: कॅप्टन कुक १७७७ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी तिथं पोचला आणि बेटाला ख्रिसमस बेट म्हटलं. आज त्याचं नाव ‘किरितिमाती’ असं लिहितात. हे बेट ज्या किरिबाती देशात आहे, तिथल्या भाषेत लिहिलेल्या ‘ति’चा उच्चार स सारखा होतो, म्हणजे तो शब्द ख्रिसमसच आहे, फक्त त्यांच्या स्पेलिंगात. मुलांना हा प्रश्न घालाच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावाच्या नावातच आहे. आपण ‘कोल्हापूरचा’, ‘कोल्हापूरला’ म्हणतो, पण ‘कोल्हापुरात’. चा आणि ला लागताना मूळ शब्द तसाच राहतो, त लागताना सामान्यरूप होतं. नाताळचं अगदी तसंच: नाताळचा, नाताळला, पण नाताळात. ‘नाताळाचा’ हे रूप चूक नाही, व्याकरणाच्या साच्यात ते नीट बसतं. पण बोलण्यात आणि छापील मजकुरात ‘नाताळची सुट्टी’ हे रूप रुळलेलं आहे आणि शाळेच्या पत्रकात मी तेच ठेवा म्हणेन. शब्दयोगी अव्ययं लागताना मात्र सामान्यरूप हवं: नाताळापूर्वी, नाताळासाठी, नाताळानंतर. ‘नाताळपूर्वी’ कानाला अर्धवट लागतं. शब्द पुल्लिंगी आहे, पोर्तुगीजमध्येही पुल्लिंगीच. म्हणून नाताळ आला, नाताळ गेला. ‘नाताळ लागली’ असं कानावर आलं तर तिथं बोलणाऱ्याच्या मनात ‘सुट्टी’ असते. बोलण्यात चालेल, लिहू नये.

‘एक्समस’बद्दल. रोमन लिपीत ख्रिसमस थोडक्यात लिहिताना पुढं जी फुली दिसते, ती इंग्रजी ‘एक्स’ नाहीच. ते ग्रीक अक्षर ‘खी’ आहे, ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाचं पहिलं अक्षर. ख्रिस्ताचं नाव खोडायला कोणी फुली मारली, हा समज चुकीचा. नाव लिहायचा तो फार जुना धार्मिक संक्षेप आहे. पण ‘डॉ.’ लिहिलं तरी आपण ‘डॉक्टर’ वाचतो, तसा तो संक्षेपही ‘ख्रिसमस’ असाच वाचायचा. देवनागरीत ‘एक्समस’ लिहिलं की संक्षेपही राहत नाही आणि ग्रीक अक्षरही नाही, उरतो फक्त चुकीचा उच्चार. फलकावर नाताळ किंवा ख्रिसमस लिहा.

त्यातही मराठी ख पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत उच्चार क चा, हिंदीतही बहुधा ‘क्रिसमस’ लिहितात. मराठीनं ‘ख्रिस्त’मध्ये ख धरला आणि प्राचीन ग्रीकमध्ये ‘खी’चा उच्चार महाप्राणच होता, आपल्या ख सारखा. ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त, तेल लावून पवित्र केलेला. हिब्रू ‘मशीहा’चं ते भाषांतर. आणि ‘इसवी सन’मधला ‘इसवी’ आला अरबी ‘ईसा’वरून. म्हणजे इ.स. लिहिणारा प्रत्येक मराठी माणूस येशूचं अरबी नाव लिहीत असतो. येशू, ईसा, ख्रिस्त अशी तीन नावं तीन वाटांनी एका मराठीत आली.

शुभेच्छांतला ‘मेरी’ म्हणजे येशूची आई नव्हे. तो ‘आनंदी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. मराठी पवित्र शास्त्रात आईचं नाव ‘मरीया’ आहे. ‘हॅपी मेरी ख्रिसमस’ लिहिलं तर आनंद दोनदा झाला. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये काढलेल्या पहिल्या छापील नाताळ-कार्डावरही ‘मेरी’ नाताळला आणि ‘हॅपी’ नव्या वर्षाला अशी वाटणी होती. ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ यात काहीच कमी नाही.

सांता क्लॉजचा ‘सांता’ आणि आपला ‘संत’ एकच, असं वाटणं साहजिक आहे. पण ते योगायोगाचं साम्य आहे. आपला संत संस्कृत ‘सत्’वरून, ‘सन्तः’ या अनेकवचनी रूपातून आला, मूळ धातू अस्, ‘असणे’. युरोपातला संत लॅटिन ‘सांक्तुस’वरून, म्हणजे विधीनं पवित्र केलेला. शिवाय पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये ‘सांता’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, जसं सांता मारिया. मग दाढीवाल्या बाबाला सांता कसं? कारण हा सांता तिथला नाहीच. तो डच ‘सिंटरक्लास’, म्हणजे संत निकोलास. निकोलास चौथ्या शतकातले मायरा इथले बिशप, ते गाव आज तुर्कस्तानात आहे. डच वसाहतकऱ्यांबरोबर नाव अमेरिकेत गेलं आणि इंग्रजी जिभेवर सांता क्लॉज झालं. डच लोक कोल्हापूरच्या खाली वेंगुर्ल्यातही वखार घालून होते, पण आपल्याकडं हा बाबा आला तो इंग्रजीच्या पाठीवर बसून. मराठीनं त्याला ‘नाताळबाबा’ म्हटलं, ते मला फार आवडतं.

बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, म्हणजे वरच्या ‘तीन राजां’च्या, भेटवस्तूंवर प्रश्न काढाल तर जरा जपून. मत्तयकृत शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. मराठी भाषांतरात भेटी आहेत सोने, ऊद आणि गंधरस. यातला ऊद म्हणजे आपण निखाऱ्यावर घालतो तो नव्हे. आपल्या बाजारातला ऊद हा लोबान, सुमात्राकडच्या झाडांचा डिंक. अरबीत तर ‘ऊद’ म्हणजे लाकूड, सुगंधी अगरू. मूळ भेटीतला डिंक अरबस्तान-सोमालियाकडच्या झाडांचा आणि त्या झाडाची भारतीय बहीण म्हणजे सातपुड्यात वाढणारी सालई. गंधरस म्हणजे हिराबोळ. मुलांना दाखवायला काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर नुसतं ‘बोळ’ मागू नका, काळाबोळ हातात पडेल आणि तो कोरफडीचा वाळवलेला रस असतो, चवीला कडूजहर. हिराबोळ तांबूस-पिवळसर खड्यांचा असतो आणि त्याला वास येतो. वास हीच खूण.

महिन्याचं नाव विसरू नका. ‘डिसेंबर’मध्ये लॅटिन ‘देकेम’ आहे, म्हणजे दश. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चपासून, म्हणून डिसेंबर दहावा. सप्टेंबरात सप्त, ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव. संस्कृत शिकणाऱ्या मुलांना हे लगेच लागेल.

आणि बेकरीच्या फलकावरचा प्लम केक. त्यात आलुबुखार नसतो. जुन्या इंग्रजीत वाळवलेल्या द्राक्षांनाही ‘प्लम’ म्हणत, केकचं नाव त्या काळचं. म्हणून मराठीत त्याला ‘आलुबुखार केक’ म्हणणं चूक आणि ‘मनुका केक’ बरोबर. शेजारच्या तासगावच्या बेदाण्याचं नाव फारसी ‘बे-दाना’, म्हणजे बी नसलेला. तेव्हा ‘प्लम केकमध्ये मुख्य फळ कोणतं?’ असा प्रश्न घातलात, तर पर्यायांत द्राक्ष ठेवा आणि बरोबरची खूण त्याच्यापुढं करा.