वाचक विचारतात: चाळिशीतला कराटे आणि हातातली काठी

गेल्या वेळी मोठ्या वयात कराटे शिकण्यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही, म्हणून त्यातली पाच निवडलीत. बरेच प्रश्न हत्यारांबद्दलचे आहेत, म्हणजे बो (लांब काठी), साय (त्रिशूळासारखं तीन टोकांचं धातूचं हत्यार), नानचाकू (साखळीने किंवा दोरीने जोडलेल्या दोन आखूड दांड्या) वगैरे. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी पांढरा बेल्ट बांधला, त्यामुळे या विषयावर बोलायला मला मनापासून आवडतं.

प्रश्न: ताई, मी ४३ वर्षांचा आहे, आठ महिने झाले क्लासला जातोय. आजूबाजूला सगळी दहा-बारा वर्षांची मुलं, ती खाली बसल्यासारखे स्टान्स (उभं राहण्याच्या पद्धती) घेतात आणि माझे गुडघे दुखतात. उशीर झाला का मला?

नाही झाला. पण मुलांचं बघून तसंच करायला जाऊ नका, तुमचे गुडघे तिथेच बिघडतायत असं वाटतंय. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, स्नायूबंध आणि सांध्याच्या आजूबाजूचं सगळं मात्र फार सावकाश तयार होतं, आणि मोठ्या माणसाला नेमकं याचंच भान राहत नाही कारण अंगात जोर आलेला असतो ना. तर आधी स्टान्स उंच करा, चार बोटं उंच केला तरी कोणी रागावत नाही. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून घेतलेल्या लांब स्टान्समध्ये, तो गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत पडला की दुखणारच. आणि वळताना काय होतं बघा, पाऊल जमिनीला चिकटलेलं असतं, सगळं वजन त्याच्यावर आणि कंबर मात्र फिरते, मग तो पीळ कुठे जाणार, गुडघ्यातच. वळायच्या आधी त्या पायावरचं वजन क्षणभर हलकं करायचं, मग वळायचं. हवेत किक मारताना गुडघा आणि पंच मारताना कोपर पूर्ण ताठ होऊन झटका बसू देऊ नका, शेवटचं थोडंसं राखून ठेवा. एवढं करूनही सूज येत असेल तर मात्र सरांना विचारत बसू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

वयाचं म्हणाल तर आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी गिचिन १९२२ साली ओकिनावाहून, म्हणजे कराटे जिथे जन्मलं त्या बेटावरून, टोकियोला कराटे दाखवायला गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि पुढे तिथेच राहून शिकवत राहिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कातात (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) गोल्ड घेतलेली स्पेनची सांद्रा सांचेझ तेव्हा ३९ वर्षांची होती. दोघंही लहानपणापासून करत आलेले, त्यामुळे तुमच्याशी थेट तुलना होत नाही हे मान्य, पण चाळिशी आली की अंग संपतं असं जे आपण धरून चालतो ते खरं नाही एवढं तरी यातून दिसतं. आणि ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, त्यातल्या ‘शो’चा अर्थच सुरुवात असा आहे.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, ब्राऊन बेल्ट. आमच्या क्लासमध्ये हत्यारं शिकवत नाहीत. व्हिडिओ बघून नानचाकू घेतला, कोपरावर दोनदा जोरात बसला. तरी हौस जात नाही. कुठून सुरू करू?

हौस जाऊच देऊ नका, पण नानचाकू सध्या कपाटात ठेवा प्लीज. सुरुवात बोने करा, म्हणजे सहा फुटी काठी. जपानी मापात सहा शाकू, साधारण १८२ सेंटिमीटर. ती दोन्ही हातांत असते, वेग आपल्या ताब्यात राहतो, आणि स्टान्स, कंबर, नजर सगळं तुम्हाला येतं तेच.

पण बोचा खरा फायदा वेगळाच आहे, तो जरा सविस्तर सांगते. रिकाम्या हाताने पंच मारताना मागे ओढायचा जो हात असतो, हिकिते, तो आपण वर्षानुवर्षं अर्धवट ओढतो आणि कोणाला कळतसुद्धा नाही. माझं अगदी तसंच होतं. बो हातात घेतला तेव्हा वरून मारलेला फटका मला हव्या त्या उंचीवर थांबेचना, टोक खाली जाऊन थरथरत राहायचं, मला वाटायचं मनगटात ताकद कमी आहे म्हणून मी मनगटाचे व्यायाम करत बसले दोन महिने. मग एक दिवस शिकवणाऱ्यांनी नुसतं माझ्या मागच्या हाताला बोट लावलं. तो कमरेपर्यंत येतच नव्हता! मागचा हात चार बोटं वर राहिला की पुढचं टोक खाली उतरतं, काठीचं गणितच तसं आहे. मागचा हात नीट कमरेला आला त्या दिवशी टोक जागच्या जागी थांबलं आणि पुढच्या आठवड्यात माझा साधा पंचही बदलला. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हत्यार हे कराटे झाल्यावरचं काहीतरी वेगळं नाही, आपल्या हातातली जी चूक आपल्याला दिसत नाही ती हत्यार मोठी करून दाखवतं.

रोज दहा मिनिटं नुसती पकड बदलायची, काठी तळहातातून सरकू द्यायची. चकचकीत पॉलिश केलेला बो घामाने हाताला चिकटतो आणि सरकतच नाही, तसा असेल तर बारीक सँडपेपरने ते पॉलिश काढून टाका, थोडं जवसाचं तेल चोळा, नीट वाळू द्या, मग बघा फरक. आणि डावा हात पुढे ठेवून तेवढंच करायचं जेवढं उजवा पुढे ठेवून केलं, इथे सगळेच आळस करतात.

शिक्षक मात्र शोधा. महिन्यातून एकदाच भेटणारे असले तरी चालतील. कोबुदोच्या, म्हणजे ओकिनावाच्या या हत्यारांच्या कलेच्या, दोन मोठ्या परंपरा आहेत, एक तैरा शिंकेन यांची आणि एक मातायोशी घराण्याची, दोन्हींत एकाच नावाचा काता वेगळ्या पद्धतीने करतात. शुशी नो कोन हा बोचा काता तुम्हाला व्हिडिओवर तीन-चार प्रकारे सापडेल आणि तिन्ही-चारही आपापल्या जागी बरोबर असतील, पण एकातला हात आणि दुसऱ्यातला पाय घेतला तर काहीच नीट बसणार नाही.

प्रश्न: ही सगळी हत्यारं मुळात शेतीची अवजारं होती, राजाने बंदी घातल्यावर शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला वापरली, हे खरं का?

ही गोष्ट क्लासमध्ये सगळेच ऐकतात, मीसुद्धा कितीतरी जणांना सांगितलीये. सत्सुमा या जपानी सामुराई संस्थानाने १६०९ मध्ये र्युक्यूचं, म्हणजे आजच्या ओकिनावाचं, राज्य ताब्यात घेतलं हे खरं. पण शेतकऱ्यांच्या लढ्याला म्हणावा तसा पुरावा नाही. साय तर शेतात कुठे वापरणार? ते तिथल्या पोलिसांसारख्या अधिकाऱ्यांच्या हातात असायचं. काठीच्या कात्याला ज्यांचं नाव आहे ते साकुगावा पेचिन वर्गातले, म्हणजे दरबारी हुद्द्याचे, शेतकरी नव्हेत. हां, विळ्यासारखं कामा आणि होडीचं वल्हं, म्हणजे एकू, ही मात्र खरंच कामाची वस्तू. एकूच्या कात्यात वल्ह्याच्या पात्याने वाळू उडवून समोरच्याच्या डोळ्यात फेकायची हालचाल आहे, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, किनाऱ्यावर उभा राहिलेला कोळीच डोळ्यासमोर येतो हो.

प्रश्न: साय घ्यायचे आहेत, माप कसं बघू? आणि हातात फिरतच नाहीत, काय चुकतंय?

साय उलटं धरून हाताला लावा, टोक कोपराच्या इंचभर बाहेर आलं पाहिजे. आखूड असेल तर कोपर उघडं पडतं, फार लांब असेल तर फिरवताना अंगाला अडकतं. वजन झेपेल तेच घ्या, जड घेऊन मनगट दुखावून घेण्यात काही अर्थ नाही. टोकाला धार नको.

फिरत नाहीत कारण तुम्ही घट्ट धरताय, न बघताच सांगते. बंद असताना, म्हणजे लांब टोक कोपराकडे हाताला लागून असताना, तर्जनी मुठीवर सरळ आणि अंगठा फाट्याच्या बेचक्यात. उघडताना अंगठा तिथेच राहतो, बाकीची बोटं सुटतात, साय स्वतःच्या वजनाने फिरून पुढे येतं आणि मग बोटं मुठीवर मिटतात. मिटणं शेवटी! आधी मिटली की अडकलं. सुरुवातीला पायाखाली जाड मॅट आणि पायात बूट असू द्या, क्लासमध्ये अनवाणी करतात ते ठीक आहे पण घरी नको. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख एकदा पूर्ण काळं पडून गळलंय, परत यायला कितीतरी महिने लागले.

प्रश्न: घरी जागा नाही, वेळ नाही, आणि काता दोन दिवसांत विसरतो. नानचाकू, बो घेऊन प्रवास करता येतो का तेही सांगा.

विसरण्याचं आधी. मुलं नक्कल करून लक्षात ठेवतात, आपल्याला ‘हे कशासाठी’ कळलं की राहतं. म्हणून प्रत्येक हालचालीचा बुंकाई, म्हणजे ती प्रत्यक्षात कशी वापरायची ते, विचारा, समोर माणूस उभा करून करा, हात कोणी धरलाय, मान कुठे आहे, पाय कुठे अडकवायचा. काता नेहमी पहिल्यापासून सुरू करू नका, नाहीतर सुरुवात पाठ होते आणि शेवट कायम कच्चा राहतो. शेवटच्या तीन हालचाली घ्या, मग त्याच्या आधीच्या तीन. रोज पंधरा मिनिटं पुरतात हो, रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा ती कितीतरी बरी. जागेचं म्हणाल तर सांचिन नावाचा काता तीन-चार पावलांत होतो. बोच्या कात्यातल्या पायांच्या आणि कंबरेच्या हालचाली काठी न घेता करा, काठी बाहेर मोकळ्यावर, आणि घ्यायच्या आधी वर पंखा आणि मागे माणूस आहे का बघून घ्या.

प्रवासाचं जिथे जाताय तिथल्या कायद्यावर आहे. कॅनडा आणि जर्मनीत नानचाकूला बंदीच आहे, न्यूयॉर्क राज्यातली बंदी २०१८ मध्ये कोर्टाने रद्द केली. विमानात केबिनमध्ये यातलं काही नेऊ नका, चेक-इनला देण्याआधी एअरलाइनला विचारा. रस्त्याने नेताना पिशवीत, चेन लावून, सोबत कराटेचा ड्रेस ठेवलेला असला तर कोणी विचारलं तरी सांगणं सोपं जातं. दोन तुकड्यांत उघडून स्क्रूने जोडता येतो असा बो मिळतो, नेण्यापुरता तो छान, पण जोरात आदळायचा सराव त्याच्यावर करू नका, जोड सैल होतो.