सूर्य उद्या शांत राहील का?

प्रश्न : सर, वादळी वाऱ्याचा इशारा आदल्या दिवशी मोबाइलवर आला की बाबा केळीला बांबूचे टेकू लावून घेतात. चंद्राकडे, मंगळाकडे जाणाऱ्या अंतराळवीरांना सूर्याच्या किरणोत्सर्गाचा असा इशारा मिळतो का?
– एक विद्यार्थिनी, फैजपूर

उत्तर : बेटा, इशारा मिळतो, पण बाबांना मिळते तेवढी सवड मिळत नाही. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तप्त वायूचा प्रचंड ढग सुटतो. त्याला पृथ्वीपर्यंत यायला साधारण 1 ते 3 दिवस लागतात, त्यामुळे त्याची बातमी आधी कळते. माणसाच्या जिवावर उठतात ते त्याच स्फोटातून सुटलेले वेगवान प्रोटॉन. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला 8 मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेतो. 20 जानेवारी 2005 च्या स्फोटातले प्रोटॉन तर स्फोट दिसल्यापासून अर्ध्या तासाच्या आतच पृथ्वीपाशी पोचले होते.

आपल्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि हवा सांभाळते. चंद्रावर दोन्ही आधार नाहीत. ऑगस्ट 1972 मध्ये असंच भयंकर वादळ आलं. अपोलो 16 एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो 17 डिसेंबरमध्ये निघायचं होतं. मधल्या काळात वर कोणी नव्हतं, हे निव्वळ नशीब. ते आठवलं की आजही माझ्या काळजाचा ठोका चुकतो.

आता अंदाजाचं. 1995 मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या सोहो यानावरचं एक उपकरण इलेक्ट्रॉन मोजतं. ते हलके, म्हणून प्रोटॉनच्या आधी पोचतात. त्यांची संख्या एकदम चढली की फार तर तासभर आधी सावध करता येतं. तेवढ्यात चंद्राकडे माणसं नेणाऱ्या ओरायन यानातल्या लोकांनी केबिनच्या मधल्या भागात शिरून सामानाच्या पिशव्या भोवती रचायच्या, अशी योजना आहे. पाणी, अन्न, प्लास्टिक यांत हायड्रोजन भरपूर असतो आणि प्रोटॉन अडवायला तो वजनाच्या मानाने धातूपेक्षा सरस ठरतो. आपलं भारताचं आदित्य-एल1 यानही पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरचा अतिनील कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवला, तर कण मोजणारं ॲस्पेक्स अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने.

पण यानापासून लांब, चंद्राच्या मातीत काम करणाऱ्या माणसाला तासभराचा इशारा पुरेलच असं नाही. त्याला बाहेर पडण्याआधीच ‘पुढचे काही तास वादळ नाही’ असं खात्रीने सांगणारं कोणीतरी हवं. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे, कारण असे स्फोट होतात त्या सूर्यावरच्या काळ्या डागांचा कोणता गट नेमका कधी फुटेल हे अजून सांगता येत नाही. गट कुठे आहे, हे मात्र दिसतं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याच्या चुंबकीय रेषा वळत वळत आपल्यापर्यंत येतात, आणि आपल्याकडे येणाऱ्या रेषांची मुळं सूर्याच्या पश्चिम भागात असतात. तिथे स्फोट झाला की कण या रेषांवरून थेट येतात. 2005 चा तो स्फोट पश्चिमेकडचाच होता.

हे तुला गच्चीवर पाहता येईल. दुर्बिणीला डोळा अजिबात लावायचा नाही. प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. दुर्बीण स्थिर ठेवली की प्रतिमा सरकू लागते. तिची पुढे जाणारी कड ती पश्चिम. मोठ्या डागाचा काळा गाभा आणि त्याभोवतीची करडी झालर स्पष्ट दिसते. पेन्सिलीने डाग उतरवून घे, तारीख घाल. असा गट पूर्व कडेवरून पश्चिम कडेपर्यंत जायला जवळजवळ दोन आठवडे घेतो. तेवढ्या दिवसांची चित्रं जमली की मला पाठव, त्यातला कोणता गट पश्चिमेला आल्यावर धोक्याचा ठरला असता ते मिळून पाहू.