उबर ट्रिस्ट्रममध्ये लेव्हल नाही, रेझिस्टन्स कमी पडतोय

मित्रा, तुझा प्रश्न नीट वाचला. डायब्लो २ रिझरेक्टेड, ऑफलाइन, ८६ लेव्हलचा हॅमरडिन (जादूचे हातोडे फेकणारा पॅलाडिन), हेल या सगळ्यात अवघड डिफिकल्टीतला शेवटचा बॉस बाल आरामात मारतोस, चारही रेझिस्टन्स (आग, थंडी, वीज, पॉयझनचा मार किती टक्के कमी लागतो ते आकडे) ७५ दिसतात आणि तरी उबर ट्रिस्ट्रमच्या, म्हणजे उबर मेफिस्टो, डायब्लो आणि बाल हे तिघे बॉस एकत्र असतात त्या गावाच्या, पोर्टलमधून आत गेलं की काही सेकंदात आडवा होतोस, म्हणून विचारतोयस की आधी ९० पार करू का. नको करूस. लेव्हल वाढवून इथे जवळपास काहीच फरक पडणार नाही, उलट हेलमध्ये प्रत्येक मरणाला त्या लेव्हलच्या एक्सपीचे १० टक्के जातात, बॉडी उचलली की त्यातले बरेच परत मिळतात पण सगळे नाही, म्हणजे चढायचं आणि परत घसरायचं असंच चालू राहील.

खरी गोष्ट अशी आहे की स्क्रीनवर जो ७५ दिसतो ना, तो आत गेल्यावर ७५ राहतच नाही. उबर मेफिस्टोकडे २० लेव्हलची कन्व्हिक्शन ऑरा (आजूबाजूच्यांवर आपोआप पडणारा प्रभाव) असते आणि ती आग, थंडी, वीज तिन्हींचा रेझिस्टन्स १२५ ने खाली खेचते. तुझे बरोब्बर ७५ असतील तर त्याच्याजवळ गेल्या गेल्या उणे ५०. म्हणजे १०० डॅमेजच्या ज्या फटक्यातले बाहेर तुला २५ लागायचे त्याचेच इथे १५० लागतात, सरळ सहापट. आता यात ८६ चा ९२ झालास तर थोडी लाइफ वाढेल, बस. म्हणून ७५ च्या वर अजून १२५ साठवून ठेवायचे, म्हणजे तो कितीही खेचू दे, तुझे ७५ चे ७५. पॉयझनवर कन्व्हिक्शन चालत नाही, तिथे साधे ७५ पुरतात.

हिशोब कागदावर कर, कारण तो ७५ म्हणजे फक्त कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, आहे, वर किती शिल्लक आहे ते त्यावरून कळत नाही. हेलचे उणे १००, ॲक्ट ५ मधल्या अन्या या बाईच्या क्वेस्टचे तिन्ही डिफिकल्टी मिळून ३०, म्हणजे २०० गाठायला गिअर, चार्म्स (नुसत्या इन्व्हेंटरीत ठेवून फायदा देणाऱ्या वस्तू) आणि स्किल्स मिळून २७० लागतात. आकडा मोठा वाटतो पण पॅलाडिनला हे सगळ्यात सोपं आहे. पॅलाडिनच्या शील्डवर मुळातच ४५ पर्यंत ऑल रेझिस्ट येऊ शकतो, त्यात चार सॉकेट (रत्न बसवायच्या जागा) असतील तर चार परफेक्ट डायमंड टाक, एकाचे १९ म्हणजे ७६, झाले १२१ एका शील्डमध्येच. ट्रेचरी आर्मर घातलास तर मार खाताना १५ लेव्हलचा फेड हा संरक्षक स्पेल लागतो, त्याचे ६० ऑल रेझिस्ट, फक्त तो आत जायच्या आधीच लावून घ्यायचा, कुठेतरी साध्या मॉन्स्टरकडून थोडा मार खाऊन. उरलेलं चार्म्सनी भर. सगळं एकदम जमत नसेल तर आधी वीज, मग आग, आणि थंडी शेवटी, कारण थंडीसाठी थॉइंग पोशनची सोय आहे, त्याचे ५० मिळतात आणि कॅपही १० ने वाढते. अँटिडोटचं पॉयझनसाठी तसंच. एकामागून एक प्यायलं की वेळ वाढत जातो, त्यामुळे हॅरोगाथ गावातच उभं राहून सात-आठ पिऊन घे आणि मग आत जा.

आता दुसरा मुद्दा, तुझा बिल्ड. हॅमरने उबर होतच नाहीत असं मी म्हणणार नाही, पण स्माइट (शील्डने मारायचा पॅलाडिनचा फटका) असताना तो त्रास कशाला घ्यायचा. स्माइट चुकत नाही, समोरच्याचा डिफेन्स कितीही असो. आणि मुख्य म्हणजे क्रशिंग ब्लो स्माइटवर चालतो, बॉसच्या उरलेल्या लाइफचा भाग एका फटक्यात उडवतो, या ११० लेव्हलच्या तिघांना खाली आणायला तेच लागतं. अकाराकडे हेलचा रीस्पेक (पॉइंट नव्याने वाटायची संधी) बाकी असेल तर वापर, तिन्ही संपले असतील तर हेलच्या ॲक्ट बॉसेसकडून चार एसेन्स गोळा करून क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवी बनवायची पेटी) टाक, रीस्पेकचं टोकन मिळतं. स्माइट, होली शील्ड, फॅनॅटिसिझम या तिघांत बहुतेक पॉइंट घाल आणि ब्लॉक ७५ टक्के होईल इतकी डेक्स्टेरिटी.

गिअरबद्दल सगळे ग्रीफ ग्रीफ (रून बसवून बनवायचं शस्त्र) करतात. बरोबरच आहे, ग्रीफमधलं ३४० ते ४०० चं डॅमेज स्माइटमध्ये पूर्ण धरलं जातं, त्याच्यासारखं दुसरं शस्त्र नाही. पण त्याला ‘लो’ नावाचा दुर्मिळ रून लागतो आणि ऑफलाइन खेळणाऱ्याला तो कधी मिळेल याचा नेम नाही, तोवर थांबून राहू नकोस. ब्लॅक नावाचं रूनचं शस्त्र बनव, थुल, आयो, नेफ, तिन्ही रून काउंटेसकडे सहज मिळतात आणि ४० टक्के क्रशिंग ब्लो. डोक्यावर गियोम्स फेस ३५, पायात गॉब्लिन टो २५, झाले शंभर टक्के, म्हणजे लागलेला प्रत्येक फटका क्रशिंग ब्लो. गोर रायडर बुटांच्या मागे लागू नकोस, त्यातला डेडली स्ट्राइक (दुप्पट डॅमेजचा चान्स) स्माइटला लागूच होत नाही. थोडं ओपन वूंड्स कुठून तरी मिळव म्हणजे बॉसची लाइफ परत भरत नाही, आणि रेव्हन फ्रॉस्ट किंवा काहीही कॅनॉट बी फ्रोझन वालं अंगावर हवंच, थंडीने हात मंदावला की सगळं संपलं.

लाइफ टॅप मात्र सोडू नकोस. स्माइटला लाइफ लीच (मारलेल्या डॅमेजमधून लाइफ परत येणं) मिळत नाही, पण लाइफ टॅपचा कर्स बॉसवर असला की दिलेल्या डॅमेजचा अर्धा भाग तुझ्या लाइफमध्ये येतो आणि तू समोर उभा राहू शकतोस. ड्रॅक्युल्स ग्रास्प ग्लव्ह्ज असतील तर आपोआप लागतो, ५ टक्के चान्स कमी वाटतो पण स्माइट इतक्या वेगाने चालतं की लागत राहतो. नसतील तर लाइफ टॅपचे चार्जेस असलेली वाँड व्हेंडरकडे शोध, दुकान रिफ्रेश करत राहिलं की मिळते, ती दुसऱ्या वेपन स्लॉटवर ठेवायची, आधी कर्स टाकायचा मग स्माइट, उतरला की परत. आणि मर्क (भाड्याचा साथीदार) नेऊ नकोस. एकतर तो टिकत नाही, वर त्याच्या हातात रीपर्स टोल असेल तर त्यातला डिक्रेपिफाय हा कर्स तुझा लाइफ टॅप पुसून स्वतः बसतो, आणि लाइफ एकदम का पडली तेच कळत नाही.

ट्रिस्ट्रमपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या चाव्यांचं थोडक्यात सांगतो कारण ते तू केलेलंच आहेस. काउंटेस, समनर, निहलाथक, तिघांच्या तीन-तीन अशा नऊ चाव्या आधी जमव आणि मगच क्यूब उघड. तिघांची एक-एक चावी म्हणजे एक सेट, असे तिन्ही सेट एकाच गेममध्ये वापरले की तीन वेगवेगळी पोर्टल्स नक्की मिळतात, वेगवेगळ्या गेममध्ये उघडत बसलास तर तेच पोर्टल परत येऊन चावी वाया जाऊ शकते. निहलाथककडे जाताना रिडेम्प्शनला (प्रेतं नाहीशी करणारी ऑरा) एक पॉइंट ठेव, त्याचं कॉर्प्स एक्सप्लोजन भल्याभल्यांना उडवतं आणि प्रेतंच नसली तर तो फोडणार काय. त्या तीन पोर्टल्समधले लिलिथ, ड्यूरिएल आणि इझुअल हे तिघे याच गिअरवर निघतात, लिलिथला अँटिडोट आणि बाकी दोघांना थॉइंग विसरू नकोस. तिथेच तुला कळेल की लाइफ टॅप वेळेवर लागतोय की नाही, तिथे लाइफ खालीवर होत असेल तर ट्रिस्ट्रमला जायची घाई करू नकोस, या तिघांकडून मिळालेले अवयव (तेच क्यूबमध्ये टाकून ट्रिस्ट्रमचं पोर्टल उघडतं) स्टॅशमध्ये ठेव आणि गिअर सुधार.

आत गेल्यावर लगेच गावाच्या मधोमध धावायचं नाही. कडेकडेने थोडं थोडं पुढे सरकायचं, एक बॉस दिसला की त्याला मागे ओढत आणायचं आणि एकट्याला गाठायचं. दोघे एकदम आले तर चार्ज मारून लांब जा, परत वेगळे कर, यात कसलाही कमीपणा नाही, असंच खेळायचं असतं. मेफिस्टो आधी मिळाला तर उत्तम, तो गेला की कन्व्हिक्शन गेलं आणि उरलेले दोघे खूपच सोपे होतात. मिनियन्सकडे बघू नकोस, ते येतच राहतात, बॉसवरून हात हलवू नकोस. रेझिस्टन्स अजूनही थोडा कमी असेल तर मेफिस्टोपुरतं फॅनॅटिसिझम सोडून सॅल्व्हेशन (रेझिस्टन्स वाढवणारी ऑरा) चालू ठेव, मारायला वेळ लागेल पण उभा राहशील. बेल्टमध्ये फक्त फुल रेजुव्ह (लाइफ लगेच पूर्ण भरणारं पोशन). मेलासच तर गेम बंद करू नकोस, हॅरोगाथमधलं लाल पोर्टल तो गेम चालू आहे तोवर उघडं असतं, गेम सोडला की ते जातं आणि परत नऊ चाव्या.

१.११ पॅचमध्ये २००५ ला हा इव्हेंट आला तेव्हापासून बक्षीस तेच आहे, हेलफायर टॉर्च, कुठल्यातरी एका क्लासला +३ स्किल्स आणि १० ते २० ऑल स्टॅट्स आणि ऑल रेझिस्ट. तिघेही मेले तरच पडते. पॅलाडिनची पडेल याची खात्री नाही, माझ्या मते तरी जी मिळेल ती ठेव, निदान त्या क्लासचं पुढचं कॅरॅक्टर सुरू करायला चांगलं कारण मिळतं. आणि आधीची टॉर्च इन्व्हेंटरीत असेल तर जायच्या आधी दुसरीकडे हलव, एका वेळी एकच बाळगता येते, नवी उचललीच जाणार नाही.

आता तुझं शील्ड कुठलं आहे, त्यावर मूळ ऑल रेझिस्ट किती, आणि सगळ्या चार्म्सवरचा वीज आणि आगीचा आकडा बेरीज करून लिही. २७० ला किती कमी पडतात ते बघून काय बदलायचं ते सांगतो.