वॉरंट 'बजावले' म्हणजे नेमके काय केले?

प्रश्न नाशिकहून आला आहे. चेक न वटल्याचा खटला, समन्स मिळूनही आरोपी तारखेला येत नाही, कोर्टाने वॉरंट काढायला सांगितले. वकिलांच्या ऑफिसात छापील नमुना भरायला बसलेल्या नव्या सहायकाच्या तीन शंका आहेत. 'पकड वॉरंट', 'अटक वॉरंट' आणि 'अटक अधिपत्र' यांत फरक काय? वॉरंट 'बजावतात' की 'अंमलात आणतात'? आणि भरलेला नमुना कोर्टात 'दाखल' करायचा की 'सादर'?

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात संपते. तिन्ही नावे एकाच कागदाची. 'अधिपत्र' हा शासकीय परिभाषेतला घडवलेला शब्द. नुसता वापरला तर पुरत नाही, कारण राष्ट्रपती ज्या सहीशिक्क्याच्या पत्राने न्यायाधीश नेमतात त्यालाही इंग्रजीत वॉरंटच म्हणतात. म्हणून मागे 'अटक' जोडावे लागते. नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात उभे राहून ऐकले तर 'वॉरंट निघालं' एवढेच कानावर येईल. 'अधिपत्र निर्गमित झालं' असे बोलताना कोणी सापडणार नाही. शब्द नपुंसकलिंगी: ते वॉरंट. 'पकड वॉरंट' जुन्या वळणाचे, पण मला तेच जास्त प्रामाणिक वाटते. नमुन्यातल्या आज्ञेत क्रियापदे दोन आहेत, अटक करा आणि माझ्यासमोर हजर करा. 'पकड'मध्ये पकडून आणण्याचा तो भाव आपसूक येतो, 'अटक'मध्ये माणूस नुसता अडकतो.

खरी गंमत दुसऱ्या शंकेत आहे, आणि नमुना भरताना होणारी सर्वांत मोठी चूकही तिथूनच येते.

समन्स आरोपीशी बोलते: तुम्ही अमुक तारखेला हजर राहा. वॉरंट आरोपीशी बोलतच नाही, ते पोलिसाशी बोलते. कायद्यातल्या नमुन्याचा गाभा मराठीत साधारण असा: 'ज्याअर्थी अमुक, राहणार अमुक, याच्यावर अमुक अपराधाचा आरोप आहे, त्याअर्थी तुम्हांस निदेश देण्यात येतो की, उक्त अमुक यास अटक करून माझ्यासमोर हजर करावे. यात कसूर होऊ नये.' यातले 'तुम्हांस' म्हणजे वॉरंट राबवणारा अधिकारी. ज्याने आधी शंभर समन्स भरली त्याचा हात सवयीने 'प्रति'समोर आरोपीचे नाव लिहून मोकळा होतो आणि वाक्याचा अर्थच उलटतो, आरोपीलाच स्वतःला पकडून आणायचा हुकूम! 'प्रति'समोर अधिकाऱ्याचा हुद्दा आणि पोलीस ठाणे यायला हवे: 'पोलीस निरीक्षक, सरकारवाडा पोलीस ठाणे, नाशिक शहर'. आरोपीचे नाव 'ज्याअर्थी'नंतर. ज्याच्या नावे वॉरंट आहे तो अधिकारी सहकाऱ्याला पाठवू शकतो, पण त्यासाठी त्या सहकाऱ्याचे नाव वॉरंटवर लिहून द्यावे लागते.

आता 'बजावणे'. हा फारसी 'बजा'वरून आलेला. बजा आणणे म्हणजे हुकूम पार पाडणे. मराठीत त्याला दोन फांद्या फुटल्या. कर्तव्य बजावणे, मतदानाचा हक्क बजावणे ही पार पाडण्याची फांदी. 'पुन्हा उशीर करू नकोस असे त्याला बजावले' ही ठासून सांगण्याची. समन्सला दुसरी फांदी शोभते, कारण समन्स माणसाला द्यायचे, सांगायचे असते. वॉरंटला पहिली. तेव्हा 'आरोपीला समन्स बजावले' बिनचूक, 'वॉरंटची बजावणी केली' हेही बिनचूक. गोंधळ होतो तो 'आरोपीला वॉरंट बजावले' या वाक्यात. अटक केली, की कागद दाखवून पोलीस परत आले? कायद्याने अटक करणाऱ्याने वॉरंटचा आशय सांगायचा असतो, आणि मागितले तर वॉरंट दाखवायचेही असते. पण दाखवणे म्हणजे बजावणी नव्हे. म्हणून पोलीस वॉरंट कोर्टाला परत पाठवताना जो अहवाल लिहितात त्यात 'बजावले' या एका शब्दावर भागवू नये. 'दिनांक अमुक रोजी अमुक वाजता अटक करून न्यायालयात हजर केले' असे लिहावे. माणूस सापडला नसेल तर 'विनाबजावणी परत' आणि पुढे कारण: घराला कुलूप, पत्ता सोडून गेला, की त्या पत्त्यावर असा इसम राहतच नाही. ही तीन कारणे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. आरोपी फरारी असल्याचा जाहीरनामा काढायचा तर तो वॉरंट चुकवण्यासाठी फरारी झाला आहे किंवा दडून बसला आहे असे मानायला कोर्टाला आधार लागतो, आणि तो याच ओळीत शोधला जातो. 'मिळून आला नाही' हे पोलिसी मराठीतले लाडके वाक्य एकटे असले तर त्यातून यांपैकी काहीच कळत नाही.

पत्त्याबद्दल नाशिककरांनी जरा जास्त जपावे. 'रा. पिंपळगाव, नाशिक' एवढे लिहिले तर कोणते पिंपळगाव? पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यात, म्हणजे ग्रामीण पोलिसांकडे. पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब नाशिक महापालिकेच्या हद्दीत. वॉरंट चुकीच्या ठाण्यात गेले की ते परत येईपर्यंत एक तारीख वाया जाते. दुसरा नमुनेदार पत्ता 'उपनगर, नाशिक'. बाहेरच्या वाचकाला ते सामान्यनाम वाटते आणि तो विचारतो, कोणते उपनगर? नाशिकरोडकडचे ते विशेषनाम आहे आणि त्या नावाचे पोलीस ठाणेही आहे. तेव्हा गाव, तालुका, जिल्हा आणि ठाणे चारही लिहा. 'रा.' म्हणजे राहणार, 'ह.मु.' म्हणजे हल्ली मुक्काम. मूळ गाव येवल्याचे आणि माणूस सातपूरला कामाला असेल तर दोन्ही पत्ते द्या, पण 'ह.मु.' कोणता ते स्पष्ट दाखवा. 'उर्फ' असलेले नाव फिर्यादीत जसे आहे तसेच उतरवा, त्यात सुधारणा करू नका. खटला क्रमांक आणि गु.र.नं. वेगळे: गु.र.नं. हा पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर, खासगी फिर्यादीला, म्हणजे थेट कोर्टात केलेल्या फिर्यादीला, तो नसतोच. ती जागा रिकामी दिसते म्हणून तिथे खटला क्रमांक भरू नये.

'जामीन' हा शब्दही फसवा. मुळात अरबी, अर्थ हमी घेणारा माणूस, म्हणूनच आपण 'जामीन राहतो'. पुढे तो हमीलाही लागला. 'रु. १५,००० चा जामीन' असे लिहिले तर ती रक्कम आरोपीच्या जातमुचलक्याची, म्हणजे त्याने स्वतः लिहून दिलेल्या हमीची, की जामीनदाराची? नमुन्याच्या शेवटी जो शेरा असतो, कार्यालयीन भाषेत पृष्ठांकन, त्यात हे सुटे सुटे यायला हवे: जातमुचलका किती, जामीनदार एक की दोन, प्रत्येकी किती रुपयांचे, आणि कोणत्या तारखेला हजर राहायचे. हा शेरा असला की वॉरंट जामीनपात्र आणि ठाण्यातच सुटका होऊ शकते. नसला की अजामीनपात्र. नेहमीचा पुढचा प्रश्न: चेकचा गुन्हा जामीनपात्र, मग वॉरंट अजामीनपात्र कसे? विशेषण एकच, विशेष्ये दोन. गुन्ह्याचे जामीनपात्र असणे कायद्याने ठरते, वॉरंटचे त्यावरच्या शेऱ्याने. अजामीनपात्र वॉरंटचा अर्थ पोलिसांनी परस्पर सोडू नये, एवढाच. कोर्टात जामीन मिळूच शकतो. छापील नमुन्यात दोन्ही शब्द असतील तर नको तो खोडा. दोन्ही तसेच ठेवलेले वॉरंट ठाण्यातून खुलाशासाठी परत येते.

कलमाचा आकडा लिहिताना १ जुलै २०२४ ही तारीख पाहा. त्याआधीपासून चालू असलेला खटला जुन्या दंड प्रक्रिया संहितेने चालतो, तिथे वॉरंटचे कलम ७०; नंतरच्या खटल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७२.

तिसरी शंका. भरलेला नमुना 'सादर' करायचा, सहीसाठी. दाखल होते ती फिर्याद किंवा अर्ज. न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का दोन्ही पडले तरच ते वॉरंट, तोवर नुसता भरलेला कागद. खासगी फिर्यादीत प्रोसेस फी, म्हणजे समन्स-वॉरंट काढण्याची कोर्टाची फी, भरल्याशिवाय ते निघतही नाही. वाजवी मुदतीत ती भरली नाही तर फिर्यादच फेटाळली जाऊ शकते. मग जावक क्रमांक पडतो आणि वॉरंट ठाण्याकडे जाते. तो क्रमांक आपल्या नोंदीत टिपून ठेवा, ठाण्यात चौकशी करताना त्याच्याशिवाय अडते. एक धोक्याची सूचना: परत आलेल्या वॉरंटवर 'दप्तरी दाखल' लिहू नका. कार्यालयीन मराठीत त्याचा अर्थ 'विषय संपला, फाइल बंद'. 'अभिलेखात सामील' लिहिले की काम झाले.

'वॉरंटची मुदत संपली' असेही सर्रास बोलतात. कागदावर पुढची तारीख असते म्हणून तसे वाटते. प्रत्यक्षात वॉरंट बजावणी होईपर्यंत किंवा काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत जिवंत असते. तारीख उलटली म्हणून बाद होत नाही. आरोपी स्वतः हजर होऊन रद्दचा अर्ज देतो आणि कोर्ट 'वॉरंट रद्द' असा आदेश करते, तेव्हा तो आदेश कोर्टाच्या फायलीत असतो आणि वॉरंट मात्र अजून ठाण्यातल्या समन्स-वॉरंट पाहणाऱ्या अंमलदाराच्या हाती. त्या आदेशाची प्रत ठाण्यात पोहोचवून पोच घेतली नाही, तर रद्द झालेल्या वॉरंटवर माणूस पुन्हा उचलला जाऊ शकतो.