वाचकांचे प्रश्न : वापरलेली टेनिस रॅकेट घेताना

प्रश्न : आठवड्यातून तीन-चार दिवस खेळतो. सध्याची २७० ग्रॅमची रॅकेट जोराच्या बॉलवर हातात फिरते. आता ९८ चौरस इंचांच्या डोक्याची, ३०५ ग्रॅमची एक वापरलेली रॅकेट मिळतेय. फोटोत चांगली दिसते. प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय तपासू?

उत्तर : जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी आणि टॉर्च असलेला मोबाइल एवढं बरोबर न्या. उडालेला रंग, घासलेला बंपर (डोक्याच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी) यांनी बिचकू नका. खालचा बॉल उचलताना बंपर कोर्टाला घासणारच, तो त्यासाठीच बसवलेला असतो. स्ट्रिंग्ज, ग्रिप, बंपर सगळं बदलता येतं. बदलता येत नाही ती फ्रेम, म्हणून वेळ तिच्यावर घालवा.

तडे बहुतेक तीन ठिकाणी सापडतात : टोकाला बंपरच्या कडेशी, दोन्ही बाजूंना ग्रॉमेटच्या (तार ज्यातून ओवतात त्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या) भोकांजवळ, आणि थ्रोटमध्ये जिथे दोन दांडे एकत्र येतात तिथे. टॉर्च समोरून मारू नका. फ्रेमला जवळजवळ टेकवून कडेने धरा, म्हणजे रेघेची सावली पडते. मग रेघेवरून नख आडवं फिरवा. नुसता रंगाचा टवका असेल तर नख खळग्यात उतरून सहज बाहेर येतं. तडा असेल तर ते धारेवर अडकतं, आणि बरेचदा तीच रेघ वळसा घालून फ्रेमच्या आतल्या बाजूलाही गेलेली दिसते. आता रेघेच्या दोन्ही अंगांना अंगठे ठेवून फ्रेम हलकेच वाकवा. रेघ उघडमीट झाली किंवा बारीक करकर ऐकू आली, तर रॅकेट तिथेच ठेवून या.

‘चिकटवून मिळेल’ असं कुणी म्हणालं तरी मन घट्ट ठेवा. १६ उभ्या आणि १९ आडव्या मिळून ३५ तारा, प्रत्येक तार गटिंग करताना, म्हणजे तारा बांधताना, ५० पौंडांच्या आसपास ताणलेली. एवढी ओढ ती फ्रेम दिवसरात्र सोसत असते, म्हणून तडकलेली फ्रेम पुष्कळदा गटिंगच्या मशीनवरच मोडते.

त्यानंतर मुठीच्या बुडाकडून एक डोळा मिटून फ्रेमच्या रेषेत बघा. डोक्याची एक बाजू वर, दुसरी खाली दिसली तर फ्रेम पिळलेली आहे. बोटाच्या पेराने फ्रेमवर सगळीकडे टकटक करा. एका जागी आवाज एकदम बोदा आला, तर ती जागा पुन्हा टॉर्चखाली घ्या. हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर लगेच घाबरू नका, बहुतेकदा तो मुठीत सुटलेला गोंदाचा खडा किंवा स्टेपल असतो.

ग्रॉमेट मात्र एकेक करून बघा. फुटलेल्या ग्रॉमेटमधून तार थेट कार्बनच्या धारेवर घासते आणि लवकर तुटते. नवा संच बसवता येतो, पण बंद झालेल्या मॉडेलचे संच मिळणं अवघड होत जातं. त्या मॉडेलचा संच मिळतो का, याची चौकशी पैसे देण्याआधी करा.

आता वजन. फ्रेमवर किंवा माहितीत लिहिलेलं वजन सहसा स्ट्रिंग्जशिवायचं असतं. स्ट्रिंग्जचे १५ ते १८ ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे (मूळ ग्रिपवर गुंडाळायच्या पातळ पट्टीचे) साधारण ५ ग्रॅम धरले, तर ३०५ ची रॅकेट काट्यावर ३२५ ते ३३० दाखवायला हवी. कारखान्यातून निघतानाच दोन रॅकेटींत काही ग्रॅमचा फरक असू शकतो, तो सोडून द्या. पण काटा ३४५ वर गेला तर आधीच्या मालकाने बंपरखाली शिशाची पट्टी लावलेली असेल, मुठीत सिलिकॉन भरलेलं असेल, किंवा साध्या ग्रिपच्या जागी चामड्याची घातलेली असेल. चामड्याची ग्रिप आणि उघडी पट्टी काढता येते. मुठीत भरलेलं सिलिकॉन काढणं जिकिरीचं.

भर कुठे आहे ते तोल सांगतो. मोजपट्टीच्या धारेवर रॅकेट आडवी तोला, बुडापासूनचं अंतर मोजा आणि माहितीत दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. स्ट्रिंग्जमुळे तोल सुमारे एक सेंटिमीटर टोकाकडे सरकतो आणि ओव्हरग्रिप त्याला तीन-चार मिलिमीटर मागे आणते. हा हिशोब करूनही सेंटिमीटरभर तफावत उरली, तर भर नक्की आहे. ती कुठे लावली याने फार फरक पडतो : टोकाला लावलेल्या ५ ग्रॅमने स्विंगवेट (रॅकेट फिरवताना जाणवणाऱ्या जडपणाचा आकडा) १७ च्या आसपास वाढतं, तेच ५ ग्रॅम मुठीत असले तर जवळजवळ काहीच वाढत नाही. तुम्ही २७० ग्रॅमवरून वर जाताय, त्यामुळे टोकाशी जड झालेली रॅकेट अजिबात घेऊ नका.

प्रश्न : मला सव्वाचार इंची ग्रिप लागते. मिळतेय ती एक नंबर मोठी आहे. मूठ बारीक करून मिळते का?

उत्तर : मूठ वाढवणं सोपं, कमी करणं कठीण. एका ओव्हरग्रिपने साधारण अर्धा नंबर वाढतो, म्हणून दोन मापांच्या मध्ये असाल तर लहान घ्या. उलट बाजूने फोम तासला की आठ कडांचा आकार बिघडतो आणि हाताला पकड न बघता कळेनाशी होते. तरी आधी सगळ्या ओव्हरग्रिप उतरवून बघा. एकावर एक तीन चढवलेल्या असतात आणि खालची मूठ तुमच्याच मापाची निघते. माप बट कॅपवर (मुठीच्या बुडाच्या टोपणावर) असतं : २ म्हणजे सव्वाचार, ४ म्हणजे साडेचार, दर नंबराला साधारण ३ मिलिमीटर. हेडच्या मुठी थोड्या चपट्या असतात, विल्सन आणि बाबोलाच्या त्या मानाने गोल. त्यामुळे एकच नंबर हातात वेगळा लागतो. मुठीचं बूड पिळूनही बघा, बट कॅप हलता कामा नये.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे, स्पर्धा खेळते. फेडररच्या सहीची प्रो स्टाफ आरएफ ९७ चांगल्या अवस्थेत मिळतेय. घेऊ का?

उत्तर : तिच्यासाठी घेऊ नका. ती रॅकेट स्ट्रिंग्जशिवायच ३४० ग्रॅमची आहे आणि डोकं फक्त ९७ चौरस इंचांचं. पहिला अर्धा तास ती सुंदर चालते. दुसऱ्या सेटमध्ये हात दमला की बॉल शरीराच्या मागे लागायला लागतो आणि भार मनगट व कोपरावर येतो. वाढत्या वयात हे नको. १०० चौरस इंच, २८५ ते ३०० ग्रॅम, १६ बाय १९ अशी शोधा आणि शक्यतो एकाच मॉडेलच्या दोन घ्या. दोन्ही एकाच काट्यावर तोला. हलकी असेल तिला शिशाची पट्टी लावून जुळवता येतं.

प्रश्न : विक्रेता म्हणतो गटिंग अगदी नवं आहे. तसंच खेळू का?

उत्तर : त्या गटिंगची किंमत शून्य धरा. पॉलिएस्टर तार रॅकेट नुसती ठेवून दिली तरी ताण सोडत राहते, आणि किती ताणावर बांधली ते तुम्हाला माहीत नसतं. सगळ्या तारा काढून टाका. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एक उभी एक आडवी अशा कापत जा, म्हणजे फ्रेमवरचा ताण सगळीकडून सारखा उतरतो. तारा निघाल्या की ग्रॉमेटची भोकं आतून तपासायची संधी मिळते, ती सोडू नका. कोपर दुखत असेल तर मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची, मऊ) तार नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड कमी ताणावर बांधून घ्या आणि आठवडाभर खेळल्याशिवाय रॅकेटबद्दल मत बनवू नका.