गणिताच्या ॲपवरचा शिक्का नेमका कशाचा?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो, मुलगी दहावीला, मराठी मीडियम. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी घेतलं म्हणून आम्ही पण गणिताचं एक ॲप घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरले. विकणारा म्हणाला आयएसओ सर्टिफाइड आहे, बोर्डाच्या सिलॅबसप्रमाणे आहे, काही बघू नका. आता पोरगी म्हणते बरोबर उत्तर टाकलं तरी चूक दाखवतंय. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, मला दहावीचं गणित काय येत नाही. सर्टिफिकेट असून असं कसं? स्क्रीनशॉट पाठवलाय.

उत्तर : दादा, आधी पोरीला सांगा की तू बरोबर आहेस, आजच सांगा. गणित मी स्वतः सोडवून बघितलं. एक्स स्क्वेअर बरोबर पाच एक्स, मुळं काढा, म्हणजे एक्सच्या किमती काढा. तिनं शून्य आणि पाच लिहिलंय, ॲप म्हणतंय फक्त पाच. ॲपमधल्या व्हिडिओत शिकवणाऱ्या सरांनी दोन्ही बाजूंना एक्सनं भागून टाकलं आणि मोकळे झाले, पण एक्स शून्य असेल तर शून्यानं भागताच येत नाही, त्यामुळं एक मूळ तिथंच गेलं. सगळं एका बाजूला घेऊन एक्स कॉमन काढला की एक्स गुणिले कंसात एक्स वजा पाच बरोबर शून्य येतं आणि दोन्ही मुळं समोर दिसतात. ही काय टायपिंगची चूक नाही, शिकवणाराचाच घोळ आहे, आणि मला खरी भीती ही वाटते की ॲपनं हिरवी टिक द्यावी म्हणून पोरगी शून्य लिहायचंच सोडून देईल आणि मार्चमध्ये पेपरात पण एकच मूळ लिहून येईल.

आयएसओचं म्हणाल तर ९००१ नंबरचं ते सर्टिफिकेट कंपनीचं कामकाज ठरल्या पद्धतीनं चालतं का, नोंदी ठेवतात का, तक्रारींचं काय करतात, हे बघून मिळतं. ते पण आयएसओ ही मानकं ठरवणारी संस्था स्वतः देत नाही, बाहेरच्या ऑडिट करणाऱ्या संस्था देतात. त्यात वर्गसमीकरण कुणी सोडवून बघत नाही. तुमच्या कारखान्याच्या वह्या चोख आहेत म्हणून टॉवेलचा रंग पक्का आहे असं कुणी म्हणेल का, तसंच आहे हे.

गणित येत नसलं तरी तुम्हाला तपासता येईल. बालभारतीच्या पुस्तकात मागं उत्तरसूची असते, पुस्तकाची पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळते. सरावसंचातली पाचसहा गणितं ॲपमध्ये शोधा आणि उत्तरं जुळवा. मग मुद्दाम एक चुकीचं उत्तर टाका. कुठं चुकलं ते सांगतंय, का नुसती लाल फुली मारून पुढं जातंय? माझ्या मते ॲपची खरी परीक्षा इथंच होते. कंपनीला स्क्रीनशॉटसकट लेखी कळवा, दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि पैसे खात्यातून आपोआप कट व्हायची परवानगी दिली असेल तर ती आधी बंद करा.

प्रश्न : मी माढा तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, सहावीसाठी गणिताचे व्हिडिओ बनवते. मला कुणाकडून प्रमाणित करून मिळतील का?

उत्तर : ताई, पुस्तकाला क्यूआर कोड लावून शिकवणारे, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले रणजितसिंह डिसले सर तुमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेवर होते, त्यामुळं वाट तुमच्याकडं आधीच पडलीय. शिक्क्यापेक्षा तपासणी कशी करायची ते बघा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं १९९७ ला मर्लॉट नावाचा संग्रह सुरू केला, तिथं त्याच विषयाचे प्राध्यापक साहित्य बघतात ते तीन अंगांनी : मजकूर बरोबर आहे का, शिकवायला खरंच उपयोगी आहे का, वापरायला सोपं आहे का. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, दोन शिक्षकांना वेगवेगळं बसवून प्रत्येक गणित सोडवायला लावा, मग चारपाच पोरांना दाखवा आणि ती कुठं अडकतात ते नुसतं बघत बसा, मधे बोलू नका. दुरुस्ती केली की तारीख टाका. भाषेकडं पण लक्ष द्या, मशीननं केलेल्या भाषांतरात मी विषम संख्येला ‘विचित्र संख्या’ आणि काटकोनाला ‘योग्य कोन’ झालेलं बघितलंय, पोरांनी त्यातून काय घ्यायचं?

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतो. दुसरीतल्या नातवाच्या व्हिडिओत त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणतात. आमच्या आई, म्हणजे त्याची पणजी, म्हणतात हा व्हिडिओच खोटा, बंद करा. करू का?

उत्तर : नका करू. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता, पण गणित म्हणून त्यात काहीच चूक नाही, ६३ लिहिताना पोरं ३६ लिहितात ते यानं कमी व्हावं हा हेतू. फक्त त्रेसष्ट पण शिकवलंय का ते बघा, नसेल तर ते तुम्ही घरी घ्या. आणि आईंना विचारा, तेलुगूत त्या ६३ ला काय म्हणतात. अरवै मूडु. साठ तीनच झालं ना ते.