चिलखत घातलेला नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा, घोड्यावरून पडला की त्याला उठता येत नसे, हे खरं आहे का?

नाही, उठता येत असे आणि पळताही येत असे. इंग्लंडमध्ये मी १५व्या शतकातल्या लढायांच्या पुनर्प्रयोगांत भाग घेतो, त्यामुळे हे अंगावर घेऊन पाहिलेलं आहे.

लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असतं. आजच्या सैनिकाच्या पाठीवर कितीतरी वेळा याहून जास्त ओझं असतं. शिवाय हे वजन एका जागी लटकत नाही, आतल्या जाड शिवलेल्या अंगरख्याला पट्ट्यांनी बांधून अंगभर विभागलेलं असतं. रिकिबीत पाय घालून घोड्यावर चढायला कुणाची मदत लागत नाही. फ्रान्सचा मार्शल बूसिको तर चिलखतात कोलांट्या मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. नाइटला क्रेनने उचलून घोड्यावर बसवायचे, ही गोष्ट नंतरची भाकडकथा.

खरा त्रास दमछाकीचा. २०११ साली लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, तर चिलखतात चालायला जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. पायांवरचे पत्रे प्रत्येक पावलाला उचलावे लागतात ना! त्यात शिरस्त्राणाची झडप बंद केली की स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येतो, दहा मिनिटांत घामाने निथळायला होतं. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच सरदार नांगरलेल्या, पावसाने चिखल झालेल्या शेतातून चालत इंग्रजांवर गेले. ते पोहोचले तेव्हाच अर्धे थकलेले होते. पडलेल्यांना उठता आलं नाही ते मागून येणाऱ्या गर्दीमुळे.

फक्त घोड्यावरून भाल्याने एकमेकांना भिडायच्या खेळाचं, म्हणजे जाउस्टिंगचं, खास चिलखत बरंच जड असायचं.